भरावावर खोली वाढवण्याआधी



उसाचं बिल हाती आलं की पुष्कळ सभासद घराला जोडून एखादी खोली, गोठा किंवा खताचं गोदाम काढतात. गावठाणात जागा अपुरी, म्हणून ओढ्याकाठचा खळगा, वीटभट्टीचा जुना खड्डा किंवा बुजवलेली विहीर भरून घेऊन तिच्यावर बांधकाम होतं. वर्ष-दोन वर्षांत जुन्या व नव्या भिंतीच्या मध्ये बोट जाईल एवढी भेग पडते. मग दोष गवंड्याला नाहीतर सिमेंटला. पायाखालची माती मात्र आधी कुणी पाहिलेलीच नसते.

काही सभासद माती तपासणीची पत्रिका घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "साहेब, माती चांगली निघाली, आता बांधायला हरकत नाही ना?" त्या पत्रिकेत सामू, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश असतं. माती भार किती पेलेल, हे त्यात नसतं. उलट पाणी धरून ठेवणारी काळी माती उसाला मानवते, भिंतीला तीच नडते. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरची भिंत हलवते. म्हणून पायासाठी माती वेगळी तपासावी लागते.

१) जागेचा इतिहास. जाणत्या माणसांना विचारा, गावचा जुना नकाशा बघा. भराव कुठून कुठपर्यंत आहे आणि त्यात काय टाकलं आहे? मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मस करून भरला असेल तर गोष्ट वेगळी. डंपरने नुसता ओतलेला भराव पोकळ राहतो. प्रेसमड आणि पाचट शेतात सोनं, पण पायाखाली कुजून पोकळी करतात. अर्धी खोली भरावावर आणि अर्धी मूळ जमिनीवर येत असेल तर जास्त जपावं, कारण एक बाजू बसते आणि दुसरी जागची हलत नाही.

२) चाचणी खड्डे. बांधकामाच्या जागेत निदान तीन ठिकाणी खड्डे घ्या. भराव संपून मूळ जमीन लागली म्हणून थांबू नका, घट्ट मुरूम लागेपर्यंत जा. कोणता थर किती फुटांवर लागला, पाणी कुठे पाझरलं, ते वहीत लिहा. पाच फुटांहून खोल खड्ड्यात आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. भरावाची कड एकाएकी ढासळते आणि माणूस गाडला जातो. जुन्या भिंतीला लागून तिच्या पायाच्या तळाखाली खणू नका.

३) फुगण्याची परीक्षा. ही प्रयोगशाळेत करतात. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये टाकून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. रॉकेलमध्ये १० आणि पाण्यात १६ भरली, तर फुगवटा ६० टक्के. ५० टक्क्यांच्या आत असेल तर माती कमी फुगणारी, १०० च्या वर गेली तर फार फुगणारी समजतात. मोठं गोदाम असेल तर बोअर घेऊन ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकून ठोके मोजण्याची चाचणीही करून घ्यावी.

४) पाया. भराव उथळ असेल तर तो काढून पाया मुरमावर न्यावा. खोल असेल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. काळ्या मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अभ्यासून रूढ केलेले, तळाशी कांद्यासारखे फुगीर पाइल असतात. फुगीर भाग सहसा दांड्याच्या अडीचपट रुंद असतो. नवी भिंत जुनीत गुंफू नये, मधे सांधा मोकळा ठेवावा. जुनं घर बसायचं तेवढं बसलेलं असतं, नवं अजून बसायचं असतं.

"पाच पावसाळे गेले, भराव आता बसला," असं म्हणून सोडू नका. जपानात ओसाकाच्या उपसागरात भराव घालून केलेल्या बेटावर कान्साई विमानतळ १९९४ साली सुरू झाला. बेट बसत राहणार हे धरूनच तिथे खांबांखाली जॅकची सोय केली, आणि बेट अजूनही थोडं थोडं बसतंच आहे.

५) पाणी. उसाची सरी भिंतीजवळ आणू नका. मोरीचं आणि गोठ्याचं पाणी पायापासून दूर काढा.

चाचणी खड्ड्यांना थोड्या मजुरीचा खर्च येतो. फाटलेली भिंत पाडून पुन्हा बांधायची तर एका हंगामाचं बिल जातं, आणि तिच्या आडोशाला आपली लेकरं झोपतात. तेव्हा आधी माती बघा, मग विटा मागवा.

— ऊस विकास विभाग