एकाची सुंता केली, दुसऱ्याची का नाही?

प्रश्न: प्रेषित पौलाने आपला सहकारी तीत याची सुंता होऊ दिली नाही; मग दुसरा सहकारी तीमथ्य याची का केली? हा दुटप्पीपणा नव्हे का?

उत्तर: मला तसे वाटत नाही. तीत ग्रीक होता. सुंतेवाचून तारण नाही, असा आग्रह धरणाऱ्यांपुढे पौल झुकला असता, तर साऱ्या यहूदीतरांवर यहूदी नियमशास्त्राची सक्ती आली असती. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातला त्याचा संताप त्यासाठीच आहे. तीमथ्याची आई मात्र यहूदी होती, आणि त्याला घेऊन पौलाला यहूद्यांमध्ये वावरायचे होते. तिथे तारणाची अट कुणी घातली नव्हती. अडचण उरते ती निराळीच: ही सुंता फक्त ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात येते, पौलाच्या पत्रांत तिचा उल्लेख नाही. म्हणून काही अभ्यासक साशंक आहेत. मी ती खरी मानतो, कारण यहूद्यांसाठी आपण यहूद्यांसारखे वागलो, हे पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 9व्या अध्यायात स्वतःच सांगतो.