सांडपाणी, गाव आणि नदी
(द्वितीय वर्ष, कला)

कृष्णा महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते व वाईच्या घाटांवरून पुढे वाहते. संगम माहुलीस वेण्णा आणि कऱ्हाडास कोयना तिला येऊन मिळते. तिच्या काठचे प्रत्येक गाव वरच्या गावाने वापरून सोडलेले पाणी उचलते आणि आपले वापरलेले पाणी खालच्या गावाकडे सोडते. म्हणून सांडपाण्याचा प्रश्न हा शेजारधर्माचा प्रश्न आहे. लहान गावांच्या दृष्टीने त्याचा विचार करावा, हा या लेखाचा हेतू.

पूर्वी विहिरीवरून वा नदीवरून हंडे भरून आणावे लागत. तेव्हा पाणी जपून वापरले जाई व उरलेले परसातल्या अळूला, केळीला जाई. घरोघरी नळ आले आणि बायकांच्या डोक्यावरचे ओझे उतरले, ही मोठीच सोय झाली. परंतु नळांबरोबर गटारेही वाहू लागली. भुयारी गटारे असलेल्या गावाची योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात व त्यातील सुमारे ८० टक्क्यांचे सांडपाणी होते असे मानतात. या हिशेबाने २०,००० वस्तीच्या गावातून रोज २१ लाख ६० हजार लिटर सांडपाणी निघेल.

नदी स्वतःला स्वच्छ करते, असे जुनी माणसे म्हणतात. ते खोटे नाही. पाण्यातील सूक्ष्म जंतू घाण खातात. त्यासाठी त्यांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. स्वच्छ नदीच्या एका लिटर पाण्यात तो साधारण ८ मिलिग्रॅम असतो. एक लिटर घरगुती सांडपाण्याची गरज मात्र २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या घरात असते. म्हणजे एक लिटर सांडपाणी सुमारे तीस लिटर नदीचा प्राणवायू संपवू शकते. पावसाळ्यात हे खपून जाते. उन्हाळ्यात धार आटते, मासे मरतात, जलपर्णी माजते. माझी आजी नदीच्या वाळूत झरा उकरून वाटीने पिण्याचे पाणी भरीत असे. आज त्याच वाळूवर गटार उतरते आणि तेथे धुणे धुण्यासही बायका कचरतात.

सांडपाण्याचे शुद्धीकरण म्हणजे नदीचेच काम थोड्या जागेत, आपल्या देखरेखीखाली करवून घेणे होय. प्रथम जाळीने चिंध्या व कचरा अडवितात, मग वाळू आणि गाळ खाली बसू देतात. त्यानंतर जंतूंचे काम सुरू होते. मोठ्या शहरांत यंत्रांनी हवा पुरवितात. लहान गावास उथळ तळी पुरतात. तेथे उन्हात शेवाळ वाढते व तेच जंतूंना प्राणवायू देते. दुसरा मार्ग खडीच्या वाफ्यांचा. त्यांत कर्दळ, पाणकणीस लावून मुळांशी वाढणाऱ्या जंतूंकडून पाणी शुद्ध करून घेतात. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धत याच जातीची आहे. जागा अधिक लागते, पण वीज फारच थोडी.

वीज आणि देखभाल हेच खरे दुखणे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशाच्या शहरी भागातून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघत होते. उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची होती. प्रत्यक्ष शुद्ध होत होते अवघे २०,२३५. केंद्राचा जलप्रदूषण कायदा १९७४ चा. महाराष्ट्राने तर १९६९ मध्येच असा कायदा केला होता. तेव्हा उणीव कायद्याची नसून नित्याच्या निगराणीची आहे. वाफ्यातील झाडे छाटणे, तळ्यातील गाळ काढणे, शौचालयांच्या टाक्यांचा मैला ओढ्यात न ओतता केंद्रावर नेणे, ही कामे कोणी तरी रोज केली पाहिजेत आणि त्या कामगाराला वेळेवर पगार व हातमोजे मिळाले पाहिजेत.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. माझ्यासारखे अनेकजण या वर्गांत आहेत. गावच्या सभेत आपण निदान तीन प्रश्न विचारू शकतो: आपले सांडपाणी कोठे जाते? शुद्धीकरणासाठी कोणती जागा राखली आहे? देखभालीसाठी अंदाजपत्रकात किती रक्कम आहे? शुद्ध केलेले पाणी शेतीला देता आले तर शेतकरीही हे प्रश्न आपल्याबरोबर विचारतील. आणि खालच्या गावातील माणसे आपल्याकडून आलेले पाणी निर्धास्तपणे ओंजळीत घेतील.