शेवटचा पहारेकरी

फुटबॉलच्या संघात अकरा गडी असतात. त्यांपैकी दहा जण मैदानभर धावतात. अकरावा मात्र गोलापाशी उभा राहतो. तो गोलरक्षक होय. ठरावीक चौकटीच्या आत चेंडू हाताने अडविण्याची मुभा त्या एकट्यालाच असते. पण जबाबदारीही तेवढीच मोठी! इतरांची चूक सावरण्यास मागे कोणीतरी असतो. त्याच्या मागे केवळ जाळे असते.

गोलाची रुंदी ७.३२ मीटर व उंची २.४४ मीटर. एवढी जागा एका माणसाने कशी राखावी? चतुर गोलरक्षक खांबांमध्ये खिळून राहत नाही. दिव्यासमोर हात धरून पाहा. हात दिव्याजवळ न्यावा, तशी भिंतीवरील सावली मोठी होते. त्याचप्रमाणे गोलरक्षक चेंडूकडे सरकला, की गोलाचा अधिक भाग झाकला जातो. मात्र फार पुढे गेल्यास चेंडू डोक्यावरून जाण्याची भीती! किती पुढे जावे, हे क्षणात ठरवावे लागते.

गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर या कलेत निष्णात होते. त्यांचा जन्म १९५४ सालचा. वास्कोच्या साळगावकर संघाचा गोल त्यांनी अनेक वर्षे राखला. भारतीय संघाचे नेतृत्वही केले. १९८३ साली संतोष करंडक गोवा व बंगाल यांना विभागून मिळाला. पुढच्याच स्पर्धेत गोव्याने अंतिम सामन्यात पंजाबला १-० असे हरविले. एक चेंडू निसटता, तर ती आघाडी नाहीशी झाली असती. परंतु त्या संपूर्ण स्पर्धेत शंखवाळकरांनी एकही गोल होऊ दिला नाही. गोव्याने करंडक प्रथमच एकट्याने जिंकला.

गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. गोल वाचविणारा सहसा विस्मरणात जातो. १९६३ साली रशियाचे लेव्ह याशिन युरोपातील सर्वोत्तम खेळाडू ठरले. तो मान मिळविणारे ते आजवरचे एकमेव गोलरक्षक आहेत!

मैदान सोडल्यावर शंखवाळकर स्वस्थ बसले नाहीत. आपली विद्या त्यांनी नव्या गोलरक्षकांना शिकविली. १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने त्यांचा गौरव केला.

मुलांनो, स्वतः मिळविलेले यश आपल्याबरोबर संपते. दुसऱ्यास दिलेली विद्या मात्र मागे उरते.

स्वाध्याय

१. गोलरक्षकाची जबाबदारी इतरांहून मोठी का?
२. लेखकाने दिव्याचा दृष्टान्त कशासाठी दिला आहे?
३. वाक्यात उपयोग करा : निष्णात असणे, विस्मरणात जाणे.