शब्दविचार : 'शार्पन'

इंग्रजीतील 'शार्प' या विशेषणापासून 'शार्पन' हे क्रियापद बनले आहे. मराठीत त्याचा प्रतिशब्द वस्तूनुसार बदलतो. विळीला धार लावतात, पेन्सिलीला टोक काढतात, शस्त्र पाजळतात. या सर्व क्रियांचा गाभा एकच, तो म्हणजे असलेली तीक्ष्णता वाढविणे.

तामिळनाडूतील कुंभकोणम् येथील एक उदाहरण हा अर्थ स्पष्ट करते. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण या गावी गेले. तेथील टाऊन हायस्कूलमध्ये शिकत असताना, १९०३ च्या सुमारास, जी. एस. कार यांचा गणिती सिद्धांतांचा संग्रह त्यांच्या हाती आला. या प्रसंगाला 'द बुक शार्पन्ड हिज माइंड' हे वाक्य शोभते. पुस्तकाने बुद्धी निर्माण केली नाही. असलेल्या बुद्धीला धार दिली.

१९०४ मध्ये गावातीलच सरकारी महाविद्यालयात त्यांना शिष्यवृत्ती मिळाली. परंतु सारे लक्ष गणितात गुंतल्याने ते इतर विषयांत अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. त्या विषयांत इंग्रजीही होते. नेमके काय 'शार्पन' केले, हे सांगणे म्हणूनच महत्त्वाचे असते. वाक्यात बहुधा या क्रियापदाला कर्म लागते. मात्र 'द पेन शार्पन्ड' म्हणजे वेदना तीव्र झाली, 'हिज टोन शार्पन्ड' म्हणजे त्याचा स्वर कडक झाला. येथे कर्म नाही.

जवळचे दोन शब्दही लक्षात ठेवावेत. भूक किंवा उत्सुकता चाळविण्यासाठी 'व्हेट' वापरतात. त्यातील 'एच' हे अक्षर गळले, तर अर्थ 'ओले करणे' असा होतो. कौशल्य सरावाने सफाईदार करण्यासाठी 'होन' अधिक नेमका.

व्यवहारातील एक प्रयोग विशेष जपावा. दरपत्रकाच्या उत्तरात 'प्लीज शार्पन युअर पेन्सिल' असे लिहिलेले आढळले, तर पेन्सिल शोधू नये. दर आणखी बारकाईने तपासून कमी करावा, अशी ती विनंती असते.

सराव : योग्य क्रियापद निवडा. (१) चाकू (२) भूक (३) लेखनकौशल्य.
उत्तरे : (१) शार्पन (२) व्हेट (३) होन, 'शार्पन'ही चालेल.