टाकीतील इंधन आणि वाटेतील अंतर

प्राथमिक वर्गात आपण एकमान पद्धत शिकलो. तिचेच एक उदाहरण येथे पाहू. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारीस कॅम्पर व्हॅन म्हणतात. समजा, अशा एका डिझेल व्हॅनची टाकी ७० लिटरची असून ती लिटरमागे १० किलोमीटर धावते. गुणाकार ७०० किलोमीटर सांगतो.

आता ऑस्ट्रेलियातील नलार्बर मैदानाकडे वळू. तेथे आयर महामार्गावर नलार्बर रोडहाऊस सोडल्यावर पश्चिमेचा पुढील पंप बॉर्डर व्हिलेजला, सुमारे १८५ किलोमीटरवर आहे. टाकीत २० लिटर उरले असता हिशोब २०० किलोमीटर दाखवितो. परंतु समोरचा वारा व गाडीतील भार यांमुळे लिटरला ८ किलोमीटरच मिळाले, तर गाडी १६० किलोमीटरवर थांबेल. पंप २५ किलोमीटर दूरच राहील.

मोठी टाकी हा यावरील उपाय नव्हे; भरल्याशिवाय तिचा उपयोग नाही. म्हणून आम्ही हिशोब ८ नेच करतो. अंतरासाठी सुमारे २३ लिटर आणि राखीव १० लिटर, असे किमान ३३ लिटर इंधन असल्याशिवाय निघू नये. रीत बिनचूक असली तरी गृहीत धरलेली संख्या खरी नसेल, तर उत्तर चुकते.