दूरच्या संगणकाचे दार उघडताना



घराला दार असते, दाराला कुलूप असते. किल्ली आपण वाटेवरच्या माणसाच्या हाती देत नाही. संगणकालाही असेच दार असते. त्याची किल्ली म्हणजे परवलीचा शब्द, म्हणजेच पासवर्ड. समोरच्या टेबलावरचा संगणक उघडायचा तर पासवर्ड हातभरच अंतर जातो. पण संगणक परगावी किंवा परदेशी असला तर? मग तो शब्द तारांमधून, अनेक यंत्रांच्या हातून प्रवास करतो. या प्रवासात काय घडते ते पाहू.

प्रयोग पहिला : उघडी चिठ्ठी

बाईंनी पहिल्या बाकावरच्या मुलीला चिठ्ठीवर एक शब्द लिहायला सांगितला. चिठ्ठी हातोहात शेवटच्या बाकावर पोचवायची होती. ती बरोबर पोचली. शेवटचा मुलगा "मिळाली!" म्हणून ओरडला. मग बाईंनी विचारलं, "मधल्या कुणाकुणाला तो शब्द ठाऊक आहे?" सहा हात वर आले! चिठ्ठी फाटली नव्हती की हरवली नव्हती. देणारीला आणि घेणाऱ्याला चोरीचा पत्ताच नव्हता.

पैसे चोरले तर खिसा रिकामा होतो. शब्द चोरला तरी तो आपल्याजवळ राहतोच. म्हणून ही चोरी लवकर कळत नाही.

फिनलंडमधील गोष्ट

दूरच्या संगणकात शिरण्याची टेलनेट नावाची जुनी पद्धत आहे. तिची सुरुवात १९६९ साली झाली. तिच्यात पासवर्ड उघड्या चिठ्ठीसारखाच जात असे. त्या काळी संगणक थोडे होते आणि वापरणारे बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे होते, त्यामुळे ते चालून गेले.

पुढे जाळे वाढले. युरोपातील फिनलंड देशात हेलसिंकी तंत्रविद्या विद्यापीठ होते. १९९५ साली कुणीतरी तेथील जाळ्यावर गुपचूप एक प्रोग्रॅम बसवला. तो वाटेवर कान देऊन बसे आणि जाणारी नावे व पासवर्ड टिपून ठेवी. प्रकार उघडकीला आला तेव्हा त्याच्याजवळ हजारो पासवर्ड जमा झाले होते!

त्याच विद्यापीठातील तातू इलोनेन या संशोधकाने यावर उपाय शोधला. त्याने शब्द कुलूपबंद करून पाठवणारी पद्धत तयार केली आणि जुलै १९९५ मध्ये ती सर्वांना फुकट दिली. तिचे नाव सिक्युअर शेल, थोडक्यात एसएसएच. वर्षअखेर सुमारे ५० देशांत २०,००० लोक ती वापरू लागले. संगणकाच्या प्रत्येक सेवेच्या दाराला क्रमांक असतो. टेलनेटचा २३, फायली पाठवण्याच्या पद्धतीचा २१. मधला २२ मोकळा होता, तो इलोनेनने मागून घेतला. आजही एसएसएचचे दार २२ क्रमांकाचेच आहे.

प्रयोग दुसरा : उघडे कुलूप

आता कुणी विचारील, कुलूप लावून पाठवले तर किल्लीही पाठवावी लागेल ना? ती वाटेत चोरली तर?

बाईंनी पत्र्याचा डबा आणि कुलूप आणले. शेवटच्या मुलाने किल्ली स्वतःजवळ ठेवली आणि उघडे कुलूप डब्यासह पुढे पाठवले. पहिल्या मुलीने चिठ्ठी आत टाकली आणि कुलूप दाबून बंद केले. डबा मागे गेला. मधल्यांनी हलवून पाहिला, पण उघडेना. किल्ली तर प्रवासालाच निघाली नव्हती! सुरुवातीच्या एसएसएचची युक्ती याच जातीची होती. तेथे लोखंडी कुलपाऐवजी मोठमोठ्या संख्यांचे गणित असते.

पण दुसऱ्या खेपेला मधल्या बाकावरच्या एका खट्याळाने गंमत केली. त्याने येणारे कुलूप लपवले आणि स्वतःच्या घरचे कुलूप पुढे सरकवले. डबा बंद होऊन आला तेव्हा आपल्या किल्लीने उघडला, चिठ्ठी वाचली, मग खरे कुलूप लावून मागे पाठवला. पुन्हा कुणाला काही कळले नाही!

तेव्हा बाई म्हणाल्या, "कुलूप मजबूत आहे का, एवढंच पाहू नका. ते कुणाचं आहे तेही पाहा." तिसऱ्या खेपेला दोघांनी मधल्या सुट्टीत आधीच खूण ठरवली. कुलपावर खिळ्याने ४७ कोरले. मग खट्याळाचे काही चालेना.

एसएसएचमध्येही अशी खूण असते. तिला बोटाच्या ठशावरून ठसाच म्हणतात. पहिल्यांदा जोडताना संगणक ठसा दाखवून विचारतो, "पुढे जाऊ का?" पुष्कळजण न पाहताच "हो" म्हणतात. पुढे तो ठसा लक्षात ठेवला जातो. एखाद्या दिवशी तो बदलला तर संगणक धोक्याची सूचना देतो. कदाचित तिकडचा संगणक नवा घेतला असेल. पण विचारून खात्री केल्याशिवाय पासवर्ड देऊ नये.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या आबांना एकदा फोन आला. "बँकेतून बोलतोय. तुमचं खातं बंद होणार आहे. सांगतो ते ॲप घ्या, इथूनच दुरुस्त करतो." आबांनी ते ॲप घेतले. त्यामुळे आबांच्या मोबाईलचा पडदा त्या माणसाला दिसू लागला. दूरचा संगणक आता आबांचाच मोबाईल झाला होता, आणि शिरणारा होता चोर! आलेला ओटीपीही त्याने वाचला. दुधाच्या बिलाचे चार हजार रुपये गेले. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. "मी अडाणी," असंच म्हणत राहिले.

पण मित्रांनो, आबा अडाणी नाहीत. विद्यापीठातल्या शिकलेल्या लोकांचेही पासवर्ड चोरीला गेले होते. कुलपाची खूण आधी पाहायची असते, हे आबांना कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

लक्षात ठेवा

१. पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.
२. आलेल्या फोनवर विश्वास ठेवू नका. तो ठेवून द्या आणि पासबुकावरच्या नंबरावर आपण स्वतः फोन करा.
३. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ॲप घेऊ नका.
४. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड वेगळा व लांब ठेवा. नाव आणि जन्मतारीख नको.
५. पैसे गेलेच तर लाजू नका. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

स्वाध्याय

१. शब्दाची चोरी लवकर का कळत नाही?
२. दुसऱ्या प्रयोगात किल्ली प्रवासाला का निघाली नाही?
३. आज घरी गेल्यावर पासबुकावरचा बँकेचा नंबर शोधा. तो आणि १९३० हे दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून आजी-आजोबांना दिसेल अशा भिंतीवर चिकटवा. आमच्या घरी ते आबांनी स्वतःच लिहिले आहेत.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी