आधी हत्यार, मग बंदूक

बंदूक आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. शिपायाच्या खांद्यावर पाहिली, बँकेच्या दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याच्या हातात पाहिली. पण ती घडवतो कोण, बिघडली तर नीट करतो कोण, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. त्या कारागिराला आपण येथे बंदूककार म्हणू. बंदूक कशी बनवावी, हे सांगायला आम्ही बसलेलो नाही. तो कारागीर आपली विद्या शिकतो कशी, एवढेच आज पाहायचे आहे. त्यात तुमच्या-आमच्या उपयोगाची एक गोष्ट आहे.

जो हे काम शिकायला जातो त्याला वाटते, आता आपल्या हाती बंदूक येणार. चांगल्या शाळेत तसे होत नाही. त्याच्या हाती येते एक कानस आणि एक लोखंडाचा ठोकळा. "हा ठोकळा सहाही बाजूंनी सपाट आणि काटकोनात कर," असे त्याला सांगतात. बस्स. दिवसच्या दिवस तो कानस चालवतो. मग गुण्या लावून ठोकळा उजेडाकडे धरतो. गुण्या आणि लोखंड यांच्या मधून उजेडाची रेघ दिसली, की पुन्हा कानस.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात ट्रिनिडाड नावाचे गाव आहे. तेथे १९४७ सालापासून बंदूककामाचे शिक्षण मिळते. ऑस्ट्रिया देशात फेरलाख गावी अशीच शाळा १८७८ साली सुरू झाली. ट्रिनिडाडला आलेला विद्यार्थी आधी कानसकाम शिकतो, लेथ चालवायला शिकतो आणि आपल्याला लागणारी लहानसहान हत्यारे स्वतः बनवतो. बंदुकीचे काम त्याच्या मागून येते.

असे का करतात? कारण उघड आहे. बंदुकीच्या नळीत दारूचा स्फोट होतो, आणि त्या वेळी धरणाऱ्याचा गाल दस्त्याला टेकलेला असतो. कामात कसर राहिली तर इजा होते, जीवही जातो. शिकाऊ हाताने चुकायचेच असेल, तर ते हातोडीवर चुकावे. हातोडी बिघडली तर फार तर एक लोखंडाचा तुकडा वाया जातो.

पहिले हत्यार : पेचकस

पेचकस घरोघरी असतो. कोणी त्याला डिसमिस म्हणतात. बाजारात दहा ठिकाणी मिळतो. मग तो बनवायचा कशाला?

बाजारचा साधा पेचकस नीट पाहा. त्याचे टोक पाचरीसारखे असते, वर जाड आणि खाली बारीक. पेचाच्या खाचेत ते घातले, की फक्त खाचेच्या तोंडाशी टेकते, तळाशी ढिले राहते. जोर लावला की टोक वर सरकते आणि खाचेच्या कडा फाटतात. दाराच्या बिजागरीला हे चालून जाते. बंदुकीचे पेच मात्र बारीक असतात आणि त्यांच्या खाचाही अरुंद असतात. एक कड फाटली, की पाहणारा ओळखतो, हे काम कच्च्या हाताचे आहे.

म्हणून बंदूककार पेचकसाचे टोक असे घासतो, की दोन्ही बाजू खालपर्यंत समांतर राहाव्यात. ते टोक खाचेत तळापर्यंत बसते आणि हलत नाही. प्रत्येक मापाच्या खाचेला वेगळा पेचकस लागतो. ते सगळे विकत कोठून आणायचे? म्हणून ते घरीच होतात. ते करता करता माणूस चार गोष्टी शिकतो : माप घेणे, घासणे, समांतर ठेवणे आणि पोलादाला पाणी देणे.

पोलादाचे पाणी

"हत्याराला पाणी दिले" असे आपण विळ्या-कोयत्याबद्दल म्हणतो. गावच्या लोहाराला हे ठाऊक असते. त्यामागचे कारण समजून घेऊ.

हत्याराचे पोलाद भट्टीत चांगले लाल होईपर्यंत तापवतात. त्या तापाला लोहचुंबक त्याला चिकटेनासे होते. हीच त्याची खूण. मग ते एकदम तेलात किंवा पाण्यात बुडवतात. असे केल्याने पोलाद फार कठीण होते. पण ते काचेसारखे ठिसूळही होते. नुसते एवढेच करून पेचकस वापरला, तर टोक तडकन मोडेल.

म्हणून पुढची पायरी असते, थोडे पाणी उतरवण्याची. हत्यार घासून चकचकीत करायचे आणि हळूहळू पुन्हा तापवायचे. मग त्याच्यावर रंग चढू लागतात. सुमारे २३० अंश सेल्सिअसला वाळलेल्या पेंढ्यासारखा पिवळा रंग येतो. पुढे तपकिरी, मग जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. खरवडायच्या हत्याराला धार टिकायला हवी, म्हणून त्याला पिवळ्यावर थांबवतात. पेचकसाला पिळाचा जोर सोसायचा असतो, म्हणून तो निळ्यापर्यंत नेतात. रंग साधला की लगेच थंड करायचे. क्षणभर डोळा चुकला, तर रंग पुढे निघून जातो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते.

बघा, कारागीर येथे रंग वाचतो. तुम्ही अक्षरे वाचायला शिकलात, तसाच तो पोलादावरची ही अक्षरे वाचायला शिकतो. अभ्यासाशिवाय दोन्ही येत नाहीत.

पेचकसानंतर पितळेची हातोडी. पितळ पोलादापेक्षा मऊ, म्हणून ठोकले तरी पोलादी भागावर वण उठत नाही. मग खिळे काढायचे ठोके, दोन पेचांची पकड, गोल नळी ठेवायला खाच असलेले ठोकळे. एकेक हत्यार म्हणजे एकेक धडा. खाचेचे ठोकळे जोडीने करावे लागतात, कारण नळी दोन्हींवर सारखी बसली पाहिजे. एक बरा आणि एक वाईट असे तेथे चालत नाही.

तीन पाट्यांची युक्ती

आता एक कोडे घालतो. ठोकळा सपाट आहे की नाही, हे पाहायला आधी एक खरी सपाट पाटी हवी. पण ती पाटी सपाट आहे, हे कशावरून? तिला तपासायला दुसरी पाटी. मग त्या दुसरीचे काय?

इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थ नावाचा यंत्र-कारागीर होऊन गेला. जन्म १८०३. तरुणपणी तो लंडनला हेन्री मॉड्स्ले याच्या कारखान्यात कामाला होता. पाटी सपाट कशी करावी, यावर त्याने १८४० साली विद्वानांच्या सभेत निबंध वाचला. त्यातली युक्ती अशी.

बिडाच्या तीन पाट्या घ्या. पहिलीला रंग लावून दुसरीवर घासा. जेथे रंग लागेल तेथे उंचवटा आहे, तो खरवडा. असे करत दोन्ही एकमेकींवर चपखल बसवा. पण थांबा! पहिली मध्ये फुगलेली आणि दुसरी मध्ये खोलगट असली, तरीही त्या चपखल बसतील. वाटीत वाटी बसते, तशा. म्हणून दुसरीवर तिसरी बसवा. आता तिसरीही पहिलीसारखी फुगलेली झाली. मग पहिली आणि तिसरी समोरासमोर आणा. दोन्हींची पोटे एकमेकींवर येतील आणि त्या डुगडुगतील. लबाडी उघडी पडली! मग त्या दोन्ही खरवडा आणि पुन्हा फेरी सुरू करा. तिन्ही पाट्या एकमेकींवर सगळीकडून बसू लागल्या, की समजावे, तिन्ही सपाट आहेत.

म्हणजे जवळ एकही खरी पाटी नसताना तीन खऱ्या पाट्या तयार झाल्या. दोघे एकमेकांना सांभाळून घेतात, तिसरा आला की खरे कळते. गावच्या कारभारातही हेच दिसते, होय ना?

तोफेतून इंजिन

हत्यार आणि शस्त्र यांचे नाते जुने आहे. इंग्लंडात जॉन विल्किन्सन याने १७७४ साली तोफा कोरण्याच्या रीतीचा हक्क मिळवला. भरीव तोफ ओतायची, ती फिरवायची आणि स्थिर हत्याराने आतून कोरायची, अशी ती रीत. त्या सुमारास जेम्स वॉट वाफेचे इंजिन करत होता. पण त्याला आतून नीट गोल असे नळकांडे मिळेना. फटीतून वाफ निसटून जाई. विल्किन्सनने मोठी नळकांडी कोरायचे यंत्र केले, आणि १७७६ साली वॉटची इंजिने कामाला लागली.

वर नाव आलेल्या मॉड्स्लेची गोष्टही अशीच. जन्म १७७१. बाराव्या वर्षी तो वुलविचच्या सरकारी शस्त्रागारात काडतुसे भरायला लागला. पुढे तेथेच लोहारकाम शिकला. अठराव्या वर्षी तो जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याकडे गेला. ब्रामाचे कुलूप नामी होते, पण हाताने एकेक करायला फार वेळ खाई. मॉड्स्लेने कुलूप करण्याआधी कुलपाचे भाग करणारी हत्यारे केली. १८०० च्या सुमारास त्याने पेचाचे आटे अचूक कापणारा लेथ तयार केला. आज गावोगावच्या लेथवर जे काम चालते, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे.

आणि व्हिटवर्थ? त्याने आधी पाट्या सपाट केल्या. १८४१ साली पेचांच्या आट्यांना एक ठरावीक माप सुचवले. पुढे सरकारने त्याला रायफलीचा प्रश्न घातला. १८५७ च्या चाचणीत त्याच्या रायफलीने सैन्यातल्या नेहमीच्या एनफील्ड रायफलीपेक्षा सरस नेम साधला. आधी पाटी, मग पेच, शेवटी रायफल. क्रम लक्षात ठेवा.

आपल्याकडे

आपल्या देशात बिहारमधील मुंगेर हे बंदूककामाचे जुने गाव. बंगालचा नवाब मीर कासीम याने १७६२ च्या सुमारास आपली राजधानी तेथे नेली आणि शस्त्रांचा कारखाना काढला. तेव्हापासून ही कला तेथे रुजली. स्वातंत्र्यानंतर आपल्या अंबरनाथला १९५३ साली सरकारी कारखाना निघाला. त्याचे नावच यंत्र-हत्यारांच्या नमुन्यांचा कारखाना. शस्त्रे देशात करायची, तर आधी ती करणारी यंत्रे देशात हवीत, हा त्यामागचा विचार.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १८८८ साली बेळगावात त्यांचे सायकलींचे दुकान निघाले. तेथून ते लोखंडी नांगराकडे वळले. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा त्यांना दिल्या. तोफा वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. लोखंडाला स्वतःचे मन नसते. त्याचे काय करायचे, हे माणसाने ठरवायचे.

कायदा काय सांगतो

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार आपल्या देशात परवान्याशिवाय बंदूक बनवणे गुन्हा आहे. तिचा धंदा म्हणून दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. २०१९ साली या कायद्यातल्या शिक्षा आणखी कडक झाल्या. "हाताला कला आहे, चोरून एक कट्टा करून दे, पैसे देतो," असे कोणी म्हटले तर त्या माणसाच्या सावलीलाही उभे राहू नका. असे पैसे घेणारे चांगले कारागीर तुरुंगात जातात आणि त्यांची मुले उघडी पडतात. शिवाय त्या कट्ट्याने कोणाचे तरी घर बुडते.

हातोडी, पेचकस, पकड, गुण्या मात्र कोणीही बनवावे. त्याला परवाना लागत नाही. आणि ज्याला ती बनवता येतात त्याला पंप, शिवणयंत्र, ऊस गाळायचा चरक, ट्रॅक्टर, कशाचेही काम जड जात नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी दहावी झाली असेल, तर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तेथेही सुरुवात कानसेनेच होते. मूल कुरकुरले, "नुसते घासायलाच लावतात," तर त्याला हा धडा वाचून दाखवा.

लेथजवळ जाणाऱ्यांनी एवढे पाळावे : सैल बाह्या, लोंबता पदर, बांगड्या, अंगठी नको. फिरत्या यंत्रापाशी हातमोजेही नकोत, ते हात आत ओढून नेतात. डोळ्यांना चष्मा हवाच. कीस हाताने काढू नये, ब्रशाने काढावा.

काही मंडळी म्हणतात, "आमचे वय झाले, आता काय शिकणार?" आम्ही त्यांना ठोकळा आणि कानस आठवायला सांगतो. कानस वय विचारत नाही, ती फक्त हात सरळ चालतो की नाही एवढे बघते. तुम्ही पाटीवर पहिला अ काढलात तो वाकडा होता, आज सरळ आहे. तुमचे पहिले हत्यार तयार झालेच म्हणायचे. आता त्याने पुढचे काम करा.

प्रश्न

१. बाजारचा पेचकस बारीक पेचांना का चालत नाही?
२. पोलादाला पाणी दिल्यावर पुन्हा का तापवतात?
३. दोनच पाट्या घेतल्या तर काय चूक राहू शकते?
४. कोल्हापूरच्या जुन्या तोफांचे काय झाले?
५. तुमच्या कामात रोज लागणारे असे कोणते हत्यार तुम्हाला स्वतः बनवता येईल? त्याविषयी पाच ओळी लिहा.